पुलापर्यंतचं लायसन

टीटर्स रन, वेस्ट व्हर्जिनिया
१२ जानेवारी

मिस रोवेना,

मी ओपल स्टिल्टनर. डिसेंबरात काचेच्या कारखान्यात हातातला पाण्याचा जग फुटून जिचा उजवा तळवा चिरला आणि दोन बोटांच्या आतल्या दोऱ्या, टेंडन म्हणतात त्या, तुटल्या, ती. तुमच्याकडे तेव्हा दुसरी कुणी ओपल होती का माहीत नाही, म्हणून एवढं सांगितलं.

उजवा हात तुम्ही केलेल्या प्लास्टिकच्या साच्यात आहे, म्हणून डाव्याने लिहितेय. कोंबडी चालून गेल्यासारखं दिसतंय, माफ करा. फोन केला असता, पण आमच्या दरीत रेंज नाही. आणि रेंज असली तरी फोनवर माझ्या तोंडून काही निघत नाही, हे तुम्ही बघितलंय. शाळासुद्धा त्यापायीच सुटली. उभं राहून वाच म्हटलं की घसा बंद.

क्लिनिकमध्ये गेले तर खिडकीतली फेय म्हणाली, "रोवेना गेली ओहायोला. तिच्या आईचं मांडीचं हाड मोडलं. आता इथे हाताची बाई नाही." मग तिने फोन फिरवला. हाताला परत काम शिकवणारी पुढची ऑक्युपेशनल थेरपिस्ट थेट चार्ल्सटनला, आणि नंबर लागणार एप्रिलात. डेलबर्ट मामा तिथेच तिला म्हणाला, "हात म्हणजे काय दारात बांधलेली गाय आहे का, एप्रिलपर्यंत उभी राहायला?" फेय हसली. मी बाहेर गाडीत जाऊन बसले.

तुम्ही म्हणायचात, दोऱ्या शिवल्यात, आता त्या आजूबाजूच्या मांसाला चिकटता कामा नयेत. म्हणून रोज थोडं हलवायचं, पण जास्त नाही. मिस रोवेना, थोडं म्हणजे किती आणि जास्त म्हणजे किती? साचा कधी काढायचा? करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट रात्री ठणकतं. मी उठून घरभर फिरते, मग मामा ओरडतो.

कारखान्याच्या मिसेस हेग म्हणाल्या, मे महिन्याच्या शेवटापर्यंत काचेला आकार द्यायच्या बाकावरची जागा तुझ्यासाठी ठेवते. त्या बाकावर डाव्या हाताने गरम काच लावलेली नळी फिरवायची आणि उजव्याने चिमटा धरायचा. उलटं चालत नाही, बाकच तसा असतो. म्हणजे उजवा उघडला-मिटला पाहिजे.

लवकर लिहा.
ओपल


ॲश्टन मिल्स, ओहायो
२४ जानेवारी

प्रिय ओपल,

तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला येतात. आणि त्यातलं एकही मी देऊ शकत नाही. हे वाक्य लिहायला मला इतके कागद फाडावे लागले की आई म्हणाली, "कुणाला प्रेमपत्र लिहितेस गं या वयात?"

नीट सांगते. आमच्या कामाला राज्याचं लायसन लागतं. माझं आता ओहायोचं आहे. आणि कायदा बघतो तो थेरपिस्ट कुठे बसलीय ते नाही, पेशंट कुठे बसलाय ते. तुझा हात वेस्ट व्हर्जिनियात आहे. मी त्याच्याबद्दल पत्रातून एक शब्द सांगितला, तरी लायसन नसताना इलाज केला असं होतं. लायसन गेलं तर आईचं घर चालायचं कशावर?

आता तू म्हणशील, तुमचं इथलं लायसन होतं की. होतं. नव्या वर्षाला ते संपलं, आणि मी ते पुढे चालू केलं नाही, कारण मी शहाणी! राज्याराज्यांत एक करार झालाय. एका राज्याचं लायसन असलं की दुसऱ्यात काम करायची परवानगी पटकन मिळेल, असा. ओहायोने सही केलीय, वेस्ट व्हर्जिनियानेही केलीय. आम्ही सगळ्या बायका केक कापून बसलो होतो. मला वाटलं, आता दोन-दोन लायसनं कशाला पोसायची? पण सह्या झाल्या आणि परवानग्या द्यायची खिडकी अजून उघडलीच नाही. दर सोमवारी मी करारवाल्यांना फोन करते. तिकडचा पोरगा म्हणतो, "लवकरच, मॅडम." मी म्हणते, "लवकरच म्हणजे?" तो म्हणतो, "म्हणजे लवकरच, मॅडम."

जुनं लायसन परत मागायला अर्ज केलाय. आजवर जिथे जिथे काम केलं त्या प्रत्येक राज्याकडून दाखला आणायचा, बोटांचे ठसे द्यायचे. महिने जातील.

पण एक वाट आहे. तू नदीवरचा पूल ओलांडून ओहायोत आलीस, तर पेशंट ओहायोत. पुलाच्या या टोकाला कपडे धुवायचं दुकान आहे, त्याच्या पार्किंगमध्ये रेंज आहे. तिथे गाडीत बसून फोनच्या पडद्यावर हात दाखव. मी इथून बघेन, शिकवेन, सगळं कायद्याने. तुझं इलाजाचं सरकारी कार्ड इकडे चालणार नाही, पण पैशाचं मी बघते.

तोवर सर्जनची तारीख चुकवू नकोस. एवढं तर कुणीही सांगेल.

तुझी,
रोवेना टॅकेट


टीटर्स रन
५ फेब्रुवारी

मिस रोवेना,

सर्जनकडे जाऊन आले. त्यांनी साचा काढला, हात उलटा केला, सुलटा केला, म्हणाले छान शिवलंय, आता थेरपिस्टकडे जा. मामा म्हणाला, "कुठल्या?" ते म्हणाले, "तुमच्या जवळच्या." मामाने टोपी घातली आणि आम्ही निघालो.

तुमचं पत्र मामाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "कमाल आहे. माझं गाडीचं लायसन सगळीकडे चालतं. मी दारू पिऊन ओहायोतल्या कुणाच्याही कुंपणात ट्रक घालू शकतो. आणि ती बाई एक करंगळी बघू शकत नाही?" नंतर बराच वेळ तो नदीबद्दल काहीबाही बोलत होता. ते लिहिण्यासारखं नाही.

पार्किंगचं म्हणालात, ते नको. शनिवारी त्या दुकानात माझ्या शाळेतली सगळी पोरं असतात. गाडीच्या काचेतून बघतील, ओपल फोनला हात हलवतेय म्हणून. आणि पैशाचं मी बघते, असं नका म्हणू. आमच्यात कुणाच्या उपकाराखाली राहत नाहीत. आई गेली तेव्हा चर्चमधल्या बायका जेवण घेऊन आल्या, तर मामाने प्रत्येकीचं भांडं परत देताना त्यात बटाटे घालून दिले. मी तुमच्या भांड्यात काय घालू?

पण आता त्याची गरजच नाही, हीच बातमी द्यायची होती. हात चांगला आहे. हे पत्र मी उजव्या हाताने लिहितेय. अक्षर बघा, आधीपेक्षा बरं आहे ना? तुम्ही डिसेंबरात शिकवलेलं तेवढं पुरलं. तुम्ही उगाच काळजी करू नका आणि त्या सोमवारच्या पोराला पण त्रास देऊ नका.

तुमच्या आईला बरं वाटावं.
ओपल


ॲश्टन मिल्स
१८ फेब्रुवारी

ओपल, पोरी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी आईला आंघोळ घालत होते. ओल्या हातानेच फोडलं. अक्षर बघून मी एवढ्या जोरात ओरडले की आई म्हणाली, "मला पाडतेस का परत?" तिला दाखवलं. चष्मा लावून म्हणाली, "बरंय, पण ‘त’ हा असा काढतात का?" ती चाळीस वर्षं मास्तरीण होती, सोडून दे.

आता सांगायला हरकत नाही. त्याच्या आदल्या रविवारी मी गाडी काढली होती. मागे साच्याचं सामान, पट्ट्या, सगळं. पुलापर्यंत आले. पलीकडे तुमच्या कारखान्याची चिमणी दिसत होती. त्या पार्किंगमध्ये गाडी उभी करून बसले. म्हटलं, कोण बघतंय? बाई म्हणून पोरीला भेटायला गेले, असं म्हणेन. आणि हात माझ्यासमोर आला की मी नुसती बाई राहीन का? नाही राहणार. मग परत फिरले. घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या देत होते, आणि दुसऱ्या दिवशी तुझं पत्र!

घरात मला बसवत नाही. आई झोपली की मी अंगणात चकरा मारते. शेजारचा म्हणतो, "रोवेना, जमीन मोजतेस का?" तुझं पत्र आल्यापासून जरा बसते.

कारखान्याचं लिही. मामाचं लिही, ते नदीबद्दलचं सोडून.

रोवेना


टीटर्स रन
९ एप्रिल

मिस रोवेना,

उशीर झाला. सांगण्यासारखं खूप होतं म्हणून नाही, काहीच नव्हतं म्हणून.

रानकांदे आले. अग्निशमनवाल्यांच्या हॉलमध्ये जेवण होतं, बटाटे, बीन्स, डुकराचं मांस आणि सगळ्यात रानकांदा. मामा तीन ताटं जेवला. आता तोंडाच्या वासामुळे त्याच्याशी मान वळवून बोलावं लागतं. तो म्हणतो, "आठवडाभर कुणी जवळ येत नाही, यासाठीच तर खायचं." मी गेले होते, पण दाराजवळच उभी राहिले. मिसेस हेगनी लांबून हात केला. मी डावा केला.

कारखान्यात रोज जाते. कामाला नाही, बघायला. भट्टीच्या पलीकडे उभी राहते आणि दुसऱ्या बाकावरच्या कारागिराचे, डॅरेलचे, हात बघते. तो चिमट्याने पाण्याच्या जगाचं तोंड ओढतो, इतकं सोपं करतो की चीड येते. मग बाहेर येऊन ओढ्याच्या कडेने चालत सुटते. वरपर्यंत, परत खाली. कुठे जायचं नसतं.

तुमच्या आईला विचारा, ‘त’ आता बरा आहे का. तो पोरगा अजून लवकरच म्हणतो का?

हात छान.
ओपल


ॲश्टन मिल्स
२२ एप्रिल

ओपल,

काल रात्री मी तुझी तिन्ही पत्रं टेबलावर शेजारीशेजारी ठेवली. तुझं अक्षर कसं सुधारत गेलं ते बघून मला खूश व्हायचं होतं. आणि मग दिसलं.

तिन्ही पत्रांत शाई उजवीकडे फराटलीय. नुकत्याच लिहिलेल्या शब्दावरून हात फिरला की असं होतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात कोऱ्या कागदावर असतो, लिहिलेल्यावर नाही.

वीस वर्षं मी हात बघून पोट भरतेय. हे मला फेब्रुवारीतच दिसायला हवं होतं. तेव्हाही ते कागदावरच होतं. मला दिसलं नाही, कारण मला ते बघायचं नव्हतं.

थेरपिस्ट म्हणून विचारत नाही, मला तो हक्क नाही. तुला ओळखणारी बाई म्हणून विचारते. उजवा हात कसा आहे?

रोवेना


टीटर्स रन
११ मे

मिसेस टॅकेट, का मिस, जे काय असेल ते,

मी डेलबर्ट, ओपलचा मामा. पत्र लिहायची मला सवय नाही. शेवटचं लिहिलं ते वीजवाल्यांना, आणि त्यांनी वीजच तोडली.

पोरगी तुम्हाला उत्तर लिहीत नाहीये. रोज कागद घेऊन बसते आणि उठून ओढ्याकडे जाते. आता बुटांचे तळ गेलेत. मी लिहितोय हे कळलं तर माझ्या कॉफीत काहीतरी घालेल.

हात बरा नाही. करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडे वळून बसलेत, कोंबडीच्या पायासारखे. मिटत नाहीत, उघडत नाहीत. बुटाची नाडी मी बांधतो, आणि ती दुसरीकडे बघते. तुम्हाला खोटं का लिहिलं विचारलं, तर म्हणे, "त्या पूल ओलांडून आल्या असत्या मामा, आणि त्यांचं लायसन गेलं असतं." आणि पार्किंगमध्ये लोक बघतील ते वेगळं. आणि फुकट घ्यायचं नाही ते वेगळं. आता ते तिला मीच शिकवलंय, तर मी कुणाला बोलू?

एप्रिलात चार्ल्सटनला गेलो. तिथल्या बाईने जीव तोडून प्रयत्न केला, चांगली बाई. म्हणाली, उशीर झालाय, दोऱ्या आत चिकटल्यात. सर्जन म्हणतो, जूनमध्ये परत उघडू, दोऱ्या मोकळ्या करू. पण दुसऱ्या दिवसापासून हात हलवायचा, जवळजवळ रोज, दीड-दोन महिने, जाणत्या माणसाच्या हाताखाली. नाहीतर परत चिकटणार, आणि मग तिसऱ्यांदा कुणी उघडणार नाही. चार्ल्सटनला रोज कोण नेणार? माझी कामाची पाळी पहाटेची, ट्रकला ब्रेक आहेत असं मी नुसतं म्हणतो.

मिसेस हेगनी बाक डॅरेलच्या भाच्याला दिला. महिनाअखेरपर्यंत थांबणार होत्या, पण ओपलनेच जाऊन सांगितलं की नका थांबू. एवढं मात्र ती तोंडाने बोलली.

आता म्हणते ऑपरेशनच नको. राहू दे असाच. अठरा वर्षांची आहे हो.

तुमचा तो करार कुठवर आलाय? करारवाल्यांना सांगा, नदी एवढी रुंद नाहीये.

डेलबर्ट


ॲश्टन मिल्स
१७ मे

ओपल,

मामावर रागावू नकोस. कॉफीत काही घालू नकोस.

मला तुझा राग आलाय. दोन दिवस तर आईशीही धड बोलले नाही. मला वाचवायला तू हात घालवलास. कुणी सांगितलं होतं? आणि मी मूर्ख, एका ओळीवर विश्वास ठेवून अंगणात शांत बसले. तुला रागवायला लागले की शेवटी स्वतःवरच येते, म्हणून इथे थांबते.

सोमवारी फोन केला. "लवकरच, मॅडम." माझा जुन्या लायसनचा अर्ज एका राज्याच्या दाखल्यासाठी अडलाय, जिथे मी पंचविशीत एक उन्हाळा काम केलं होतं. तिथल्या बाईला मी आठवतही नाही. जूनच्या आत दोन्हीतलं काहीच होणार नाही. करार पुढच्या वर्षीच्या पोरींच्या कामाला येईल. तुझ्या नाही.

म्हणून आता मी सांगते ते उभं न राहता वाच.

ऑपरेशन करून घे. आणि तिथून सरळ माझ्याकडे ये. राहायला. तू ओहायोत असलीस की तुझा हात माझ्या लायसनात. इथल्या क्लिनिकमध्ये कार्ड नसलेल्यांसाठी गुरुवार असतो, बाकीचे दिवस घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

हे फुकट नाही. आईजवळ दिवसा बसायला मार्जरी यायची, ती गेली मुलाकडे फ्लोरिडाला. आईला एकटं ठेवता येत नाही, परवा ती काठीशिवाय बागेत सापडली. मला माणूस हवंय. एका हाताचं चालेल. तिला पाणी द्यायचं, काठी शोधून द्यायची, ती चुका काढेल त्या ऐकायच्या. मोबदला म्हणजे जेवण, खोली आणि तुझा हात. यात उपकार असेल तर तो तुझा.

एक खरं सांगते, कारण आपण दोघींनी आता खरंच बोलायचं. पूर्ण उघडेल असं वचन मी देत नाही. दुखेल. तू मला शिव्या देशील. निम्मं उघडलं तरी मी खूश होईन, आणि तू नाही होणार.

आई मागून वाचतेय. म्हणते, "गप्प बसणारी पोरगी असेल तर आत्ताच पाठवायला सांग."

रोवेना


टीटर्स रन
२९ मे

मिस रोवेना,

डाव्या हाताने लिहितेय.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. मामाला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "मार्जरी-बिर्जरी काही नाही. चाल आहे ती. तुला लाज वाटू नये म्हणून." मी म्हटलं, असेल. तो म्हणाला, "मग?" मी म्हटलं, मग बाई एवढी चाल कुणासाठी करते? त्याने ट्रकचं झाकण उघडून ब्रेक बघितले.

नंतर मी खूप चालले. मला दुसऱ्यांच्या घरी जेवता येत नाही, घास फिरत राहतो. मी आजवर या दरीच्या बाहेर झोपले नाही, हॉस्पिटल सोडून. तुमच्या आई मोठ्याने वाच म्हणाल्या तर काय, असंही मनात आलं. मग वाटलं, बोटं अशीच राहिली तर मी तशीही आयुष्यभर दाराजवळच उभी राहणार. आणि कुणी विचारलं तर हात छान, हात छान.

कारखान्यात जाऊन मिसेस हेगना विचारलं, डॅरेलचा भाचा पळाला तर? त्या म्हणाल्या, "मी काही ठेवत नाही ओपल, पण बाक कुठे पळून जात नाही." वचन नाही ते. तुमच्यासारखंच.

तर, चार जूनला ऑपरेशन. सर्जनला मीच सांगितलं की थेरपिस्ट आहे, ओहायोत आहे आणि मी तिथे असणार आहे. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. त्यांनी तुमचा नंबर घेतलाय, फोन येईल. मामाने बटाट्यांचं पोतं बांधलंय, त्याला काही बोलू नका.

तुमच्या आईंना सांगा, मी फारशी बोलत नाही. त्या बोलल्या तर चालेल. काठी मी शोधेन.

दुखलं तर मी शिव्या देणार नाही. बहुतेक रडेन. मला तुमच्यासमोर रडायला लाज वाटेल, पण तुम्ही थांबू नका.

ऑपरेशनहून थेट निघायचं. मामा म्हणतो, हात बधिर आहे आणि तू गुंगीत आहेस तोवर पूल ओलांडून टाकू, म्हणजे परत फिर म्हणायला तुला शुद्धच नसेल. मी त्याला म्हटलं, ट्रक हळू घे, मी जागी असणार आहे.

ओपल